कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील निर्बंध
निवडणुकांवरील कंपन्यांच्या पैशाचा प्रभाव रोखणाऱ्या तरतुदी. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्यांची मुभा देताना मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांनी १९५७ मध्ये त्यातील धोक्याकडे संसदेचे लक्ष वेधले. १९६० मध्ये अशा देणग्यांवर मर्यादा आली, १९६९ मध्ये बंदी. ती १९८५ मध्ये उठली. २०१३ च्या कंपनी कायद्याने तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा घातली. २०१७ मध्ये ती काढण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही अमर्याद मुभा आणि देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले.

देणग्यांइतकाच त्या पैशाच्या खर्चाचाही प्रश्न आहे. उदाहरणार्थ, उस्मानाबाद (धाराशिव) लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख रुपये होती. मंडप, वाहने, चहा-नाश्ता यांचा खर्च जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकानुसार तपासला जातो. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मात्र मर्यादा नाही. उमेदवाराच्या चहाचा हिशेब लागतो, पक्षाच्या कोट्यवधींना बांध नाही; ही फट बुजल्याशिवाय सुधारणा अपुरीच राहते. शिवाय या खर्चासाठी पक्षाला पैसा कोणी दिला, हे जाणणे हा मतदाराचा हक्क आहे.