जुनी पॉवरफुल कार स्वस्तात मिळतेय? घेण्याआधी खर्चाचं हे गणित समजून घ्या

सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती बघताना एखाद्या फोटोवर बोट हमखास थांबतं. नवीन असताना दहा-पंधरा लाखांना मिळणारी दमदार कार आता नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी पैशांत विकायला असते. मोह होणं साहजिक आहे. पण अशा गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. तीन लाखांत घेतलेल्या गाडीचे क्लच, टर्बो आणि ब्रेक दहा लाखांच्या गाडीचेच असतात.

महाराष्ट्रात तयार झालेल्या तीन गाड्या

अशा गाड्यांमधली काही प्रसिद्ध नावं आपल्याच राज्यातली आहेत.

फियाट पॅलिओ 1.6 ही 2001 मध्ये आली. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या छोट्या गाडीला सुमारे 100 बीएचपीचं इंजिन होतं. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा.

2004 मध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा इथे ऑक्टाव्हिया तयार व्हायची. आरएसमध्ये 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं आणि ताकद सुमारे 150 बीएचपी.

पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो ऑक्टोबर 2015 मध्ये 9.95 लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला बाजारात आली. 1.4 लिटर टर्बो इंजिन, 145 बीएचपी ताकद आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली ही हॅचबॅक तिच्या वेगामुळे लगेच गाजली.

तिन्ही गाड्या आता नव्या मिळत नाहीत.

गाडी कुठे राहणार, हा पहिला प्रश्न

पुण्या-मुंबईत अशा गाड्यांचे जाणकार मेकॅनिक सापडतात. पण गाडी गिरडला ठेवायची असेल तर? वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव बाबा फरीद यांच्या टेकडीमुळे ओळखलं जातं. अशा गावात ऑइल बदलणं, ब्रेक पॅड टाकणं, सस्पेन्शनचे बुश बदलणं ही कामं हिंगणघाट किंवा उमरेडला होऊ शकतात. पण टर्बो किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा बिघाड निघाला तर योग्य स्कॅनर आणि सवयीचा हात लागतो. मग नागपूर गाठावं लागतं. गाडी बंदच पडली असेल तर टोइंगचा खर्च वेगळा. म्हणून गाडी पसंत करण्याआधी मेकॅनिक पसंत करावा.

पेट्रोलचा हिशोब

महिन्याला 1,000 किलोमीटर फिरणं आणि पेट्रोल 105 रुपये लिटर धरू. लिटरला 18 किलोमीटर देणाऱ्या साध्या गाडीला महिन्याला सुमारे 5,800 रुपयांचं पेट्रोल लागेल. 10 किलोमीटर देणाऱ्या दमदार गाडीला 10,500 रुपयांचं. वर्षाचा फरक साधारण 56,000 रुपये होतो.

यात 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या इंजिनांचं अॅव्हरेज अशा पेट्रोलवर 6 ते 7 टक्क्यांनी घटण्याचा अंदाज होता. या तिन्ही गाड्या हे पेट्रोल येण्याआधीच्या आहेत. त्यामुळे इंधनाचे रबरी पाइप आणि सील मऊ पडलेत का, पाझरतात का, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला बघायला हवं. बोनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नये. तो आगीचा धोका आहे.

टायमिंग बेल्ट: इथे कंजूषी नको

तिन्ही इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट वेळेत बदलण्याच्या खर्चापेक्षा हे काम कितीतरी पट महाग पडतं.

बेल्ट फक्त किलोमीटरवर संपत नाही, तो वयानेही संपतो. "गाडी फक्त 40 हजार चालली आहे" हे ऐकायला छान वाटतं, पण दहा वर्षं जुना मूळ बेल्ट धोक्याचाच असतो. बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर तो बदललेला नाही असंच धरावं. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावेत, म्हणजे तेच इंजिन पुन्हा खोलण्याची मजुरी वाचते.

टर्बो आणि विदर्भातला उन्हाळा

टर्बोची चकती मिनिटाला लाखाहून जास्त वेळा फिरते आणि तिचा सगळा आधार असतो इंजिन ऑइल. ऑइल जुनं, हलकं किंवा कमी असेल तर टर्बोचे बेअरिंग आधी जातात. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल वापरावं. हायवेवर जोरात चालवल्यावर लगेच चावी न फिरवता मिनिटभर गाडी सुरू ठेवावी. निळसर धूर किंवा शिट्टीसारखा नवा आवाज आला की गॅरेज गाठावं.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा कूलिंग सिस्टीमचं वय दिसतं. प्लॅस्टिकची कूलंट टाकी, होजपाइप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा मार्चमध्येच तपासून घ्यावा. कूलंटच्या जागी साधं पाणी ओतत राहिलं तर आतून गंज धरतो. तापमानाचा काटा वर गेला की गाडी तिथेच थांबवावी. आणखी दोन किलोमीटर रेटली तर हेड गॅस्केटचं काम निघू शकतं.

गावात बऱ्याच दिवसांसाठी उभी राहणाऱ्या गाडीला उंदरांचाही त्रास असतो. कुरतडलेली वायरिंग शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघणं आणि गाडी वीस मिनिटं चालवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

रस्ता, चेंबर आणि टायर

अबार्थ पुंटोची उंची साध्या पुंटोपेक्षा कमी, म्हणजे 155 मिलिमीटर आहे. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे होतात आणि स्पीड ब्रेकरला तर मापच नसतं. चेंबर घासून फुटला आणि ऑइल गळालं तर इंजिन जाम होऊ शकतं. त्यामुळे गाडी खाली करून घेण्याची हौस इथे महागात पडते.

टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचायला शिकावं. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी आठ-दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. अशा टायरवर समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने जाणं जिवावर बेतू शकतं.

पार्ट मिळतात का?

फियाटने 2019 च्या सुमारास भारतातली विक्री थांबवली. तरी अबार्थला साध्या पुंटोच्या काचा, दरवाजे चालतात आणि इंजिनाचे बरेच पार्ट लिनिया टी-जेटशी जुळतात. ऑक्टाव्हिया आरएसचे बरेच पार्ट फोक्सवॅगन समूहाच्या इतर गाड्यांशी जुळतात. खास त्याच मॉडेलचे बंपर किंवा सीट मात्र शोधत बसावं लागतं. किरकोळ अपघातानंतर गाडी महिनोन्‌महिने उभी राहते ती यामुळेच.

विमा आणि आरटीओ

जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसी कारचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा 3,416 रुपये आहे, तर 1500 सीसीच्या वर 7,897 रुपये. जीएसटी वेगळा. म्हणजे अबार्थ पहिल्या गटात येते, पॅलिओ 1.6 आणि ऑक्टाव्हिया आरएस दुसऱ्या. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा रक्कम मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे ती फार कमी लावली जात नाही ना, हे बघावं. अपघाताच्या दाव्यात रबर आणि प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापला जातो, हेही लक्षात ठेवावं.

15 वर्षांनंतर फिटनेस तपासणी करून आरसी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. कारसाठी याचं शुल्क 5,000 रुपये आहे. ऑगस्ट 2025 च्या नियमानुसार 20 वर्षांवरच्या कारला 10,000 रुपये लागतात. पर्यावरण कर वेगळा. परजिल्ह्यातली गाडी एमएच-32 च्या वर्धा कार्यालयात नावावर करताना बोजा किंवा थकलेलं चलन नाही ना, हे पैसे देण्याआधीच तपासावं.

घेण्याआधी एवढं करा

* गाडी थंड असताना स्वतः सुरू करून बघा.
* स्कॅनर लावून जुने एरर बघायला सांगा.
* सर्व्हिसची बिलं मागा. वहीतल्या नोंदीपेक्षा बिलावर विश्वास ठेवा.
* बजेटचा पाव भाग पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. चार लाख असतील तर तीन लाखांचीच गाडी बघा.
* घरात रोजच्या कामाला दुसरं वाहन असू द्या.

हा पाव भाग बाजूला ठेवणं जमत नसेल, तर ती गाडी स्वस्त नाही. नीट जपली तर जुनी दमदार कार वर्षानुवर्षं आनंद देते. न जपलेली गाडी मात्र अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते आणि त्यात घरची शिल्लक अडकून पडते.