फळीवरचा डबा

ऑपरेशननंतर आपल्याकडे बाईला दोनच सल्ले मिळतात. महिनाभर "अजिबात हलू नकोस," आणि मग एकदम "आता काय झालंय, लाग कामाला." या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. तिचा इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा.

जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदुसाने गांजलेला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रुदेशाचा म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवले. तिथे आजाऱ्यांना पडल्या पडल्या हातपाय हलवता यावेत म्हणून त्याने खाटांना स्प्रिंगा लावल्या, असे सांगतात. पुढे तो न्यूयॉर्कला गेला. दुखापत झालेले नर्तक त्याच्याकडे येऊ लागले.

ईव्ह जेन्ट्री ही त्यांतलीच. स्तनाच्या कर्करोगासाठी तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. पिलाटेसने थोडाथोडा व्यायाम देत तिचा हात पुन्हा पूर्ववत चालता केला.

नंतर फिजिओथेरपिस्टांनी याच व्यायामांतले रोग्याला झेपतील तेवढे निवडले, सोपे केले. त्यालाच क्लिनिकल पिलाटेस म्हणतात. श्वासाकडे लक्ष, पोटा-कमरेच्या आतल्या स्नायूंचा आधार आणि मोजून केलेली हालचाल, एवढेच त्याचे सूत्र. आपल्याकडे फिजिओथेरपीचे शिक्षण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५२ साली सुरू झाले. त्यामागे पोलिओची साथ होती.

आमच्या निर्मलच्या बाया ऑपरेशनला हैदराबादला, नाहीतर नांदेडला जातात. टाके निघाले की घरचे समजतात, झाली बरी. पण वेणी घालताना हात वर जात नाही, फळीवरचा डबा सुनेकडून काढून घ्यावा लागतो, हे कुणाला सांगायचे? स्तनाच्या ऑपरेशनचे तर नावही कुजबुजत घेतात. मग हाताची चौकशी कोण करणार?

मैत्रिणींनो, डिस्चार्जच्या कागदावर फिजिओथेरपी लिहिलेली असेल तर ती औषधाइतकीच महत्त्वाची समजा. लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना विचारा, कधीपासून करू, काय करू, किती करू? मोबाइलवर पाहून मनाने काही करू नका. गुडघ्याचे वेगळे, कमरेचे वेगळे, हाताचे वेगळे. आणि घरच्यांना स्पष्ट सांगा, व्यायामाच्या वेळात चहा मागायचा नाही.