वीस पौंड मीठ

सांगोल्याला आज्जीचं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ अर्ध्यावर आणायला सांगितलं. गोळी तिने मान्य केली. मिठाचं मात्र, "आरं, मिठाबिगर अंगात ताकद यायची कुठनं?" मी हसलो. नंतर वाचताना कळलं, की जवळपास हेच म्हणणं 1902 साली कलकत्त्यात, लॉर्ड कर्झनसमोर, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आकड्यांनिशी मांडलं होतं.

तेव्हा मिठावर मणाला, म्हणजे साधारण 37 किलोला, अडीच रुपये कर होता. श्रीमंत माणूस गरिबाच्या दहापट मीठ खात नाही, त्यामुळे या कराचं खरं ओझं गरिबावर. 26 मार्चला कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना गोखल्यांनी सांगितलं, की देशात माणशी वर्षाला 10 पौंडही मीठ खपत नाही, आणि निरोगी राहायला 20 पौंड लागतं असं वैद्यकीय मत आहे. पुढच्या वर्षी कर अर्ध्या रुपयाने उतरला, 1907 पर्यंत एक रुपयावर आला.

गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, अंकगणिताचं पुस्तकही त्यांनी लिहिलं होतं. म्हणून मीही हिशेब केला. 20 पौंड म्हणजे दिवसाला जवळजवळ 25 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आज 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आणि ज्या 10 पौंडांना गोखले उपासमार समजत होते, ते होतात साडेबारा ग्रॅम. आमच्या घरात माणसं चार, किलोची पुडी वीस दिवसांत संपते. भागाकार करा: साडेबारा ग्रॅम! (1902 चा आकडा विक्रीवरून काढलेला, जनावरांना घातलेलं मीठही त्यातच. शिवाय आमच्या हिशेबात बाहेरचे वेफर्स, फरसाण धरलेलं नाही.)

गोखल्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र इटलीत निघालं 1896 मध्ये. भाषणानंतर दोनच वर्षांनी, 1904 मध्ये, अंबार आणि बोजार या फ्रेंच डॉक्टरांनी मीठ आणि रक्तदाबाचा संबंध मांडला. मिठातलं सोडियम पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, नळ्यांवर दाब येतो. वर्षानुवर्षं असं चाललं की हृदय, मूत्रपिंड, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजतात. दुखत काहीच नाही. आज्जीलाही काही दुखत नव्हतं, म्हणूनच तिला ते पटत नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात तर मीठ कमी करा म्हणणं आणखीच अवघड. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना मे 1930 मध्ये अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, लष्करी कायदा लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. गंमत म्हणजे खुद्द गांधीजींनी आफ्रिकेत असताना, कस्तुरबांच्या आजारपणात, मीठ सोडलं होतं आणि पुढे बराच काळ ते अळणी जेवत. त्यांचं भांडण मीठ किती खावं यावरून नव्हतंच, ते कुणाच्या परवानगीने खावं यावरून होतं. गोखल्यांचंही मूळ भांडण करावरून होतं. वैद्यकीय आकडा त्यांनी पुरावा म्हणून वापरला. तो चुकीचा निघाला, तरी मागणी न्यायाचीच होती.

हे सगळं आज्जीला सांगितलं. तिने गांधीजींचं तेवढं ऐकून घेतलं. आता मी पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाकतो. या वेळच्या पुडीला सव्वीस दिवस झालेत, अजून मूठभर आहे. जेवायला बसलं की आज्जी म्हणते, कालवणाला चव न्हाई. आणि लोणच्याची बरणी हळूच स्वतःकडे ओढते.