किडब्रुकच्या फाटकातून

सप्टेंबर 1954. तुमचं वय अकरा, तुम्ही मुलगी आहात आणि लंडनच्या आग्नेयेला, ग्रिनिचजवळच्या किडब्रुक उपनगरात एका नव्याकोऱ्या शाळेच्या फाटकाशी उभ्या आहात. मांसावरचं रेशनिंग उठून जेमतेम दोन महिने झालेत. समोर काँक्रीट आणि काचेची लांबलचक इमारत, आणि सभागृहावर तांब्याच्या पत्र्याने मढवलेला बसका घुमट. आजूबाजूला मुलीच मुली. ही शाळा सुमारे 2000 मुलींसाठी बांधली आहे. एवढी मोठी शाळा तुमच्या ओळखीत कोणी पाहिलेली नाही.

आत शिरण्याआधी काही महिने मागे या. घरी लिफाफा आला आहे आणि आईने तो फोडून पुन्हा घडी घालून ठेवलाय. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी अशी ती ‘इलेव्हन-प्लस’ परीक्षा. 1944च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सगळ्यांना माध्यमिक शिक्षण मोफत मिळालं, पण बहुतेक ठिकाणी अकराव्या वर्षीच वाटा फुटल्या. साधारण पाचांतलं एक मूल ग्रामर शाळेत जातं आणि तिथून विद्यापीठाची आशा धरतं. उरलेल्यांपैकी बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये, पंधराव्या वर्षी शाळा सोडण्यासाठी. सरकारी भाषेत याला नापास होणं म्हणत नाहीत. गल्लीत मात्र तेच म्हणतात, आणि तुम्हाला ते ऐकू येतं.

आता फाटकातून आत चला. लंडन काउंटी कौन्सिलने बांधलेली ही लंडनमधली पहिली खास काँप्रिहेन्सिव्ह शाळा: हुशार, मध्यम, मागे पडलेल्या, सगळ्या मुली एकाच छपराखाली. कौन्सिलचे शिक्षणाधिकारी ग्रॅहम सॅव्हेज यांनी अमेरिकेतल्या हायस्कुलांत असं एकत्र शिक्षण पाहिलं होतं, आणि 1947च्या ‘लंडन स्कूल प्लॅन’मध्ये कौन्सिलने ते धोरण म्हणून मांडलं. 2000 हा आकडाही हिशेबातून आला. सगळ्या थरांतल्या मुली घेतल्या, तर अठराव्या वर्षापर्यंत टिकणाऱ्या थोड्याच असणार. सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचे वर्ग भरायचे, त्यासाठी भौतिकशास्त्राला आणि भाषांना शिक्षक ठेवायचे, तर खालचा पाया तेवढा रुंद हवा.

पण एवढ्या गर्दीत अकरा वर्षांची मुलगी हरवणार नाही का? मला ही चिंता खरी वाटते, आणि मुख्याध्यापिका मेरी ग्रीन यांच्यापुढेही ती पहिल्या दिवसापासून होती. उपाय म्हणजे हाऊस: मोठ्या शाळेच्या पोटातल्या छोट्या शाळा. तुमच्यावर लक्ष ठेवणारी शिक्षिका तुम्हाला नावाने ओळखते. अभ्यासाच्या तुकड्या वेगळ्या. एका इयत्तेच्या दहाहून जास्त, आणि त्या गुणांप्रमाणे पाडलेल्या. म्हणजे इमारत एक असली तरी वर्गाच्या दारावर तुमची पायरी ठरतेच. फरक एवढा, की ही पायरी पुढच्या वर्षी बदलू शकते; लिफाफ्यातली बदलत नव्हती.

सभागृहात मान वर करून पाहा. सगळ्या आल्या असं वाटतं, पण ज्या यायच्या होत्या त्यांतल्या बऱ्याच आलेल्या नाहीत. जवळची एल्थम हिल ही मुलींची ग्रामर शाळा बंद करून तिच्या मुली इथे आणायच्या, असा कौन्सिलचा बेत होता. पालकांनी कडाडून विरोध केला. शाळा बंद करायला शिक्षणमंत्र्यांची मंजुरी लागे, आणि हुजूर पक्षाच्या मंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रा यांनी ती नाकारली. आपली चांगली चाललेली शाळा मोडू नये ही त्या पालकांची भावना मला कळते. तरी माझ्या मते तो निर्णय चुकला. ‘सगळ्यांची शाळा’ उघडली त्याच दिवशी वरची साय दुसऱ्या भांड्यात काढून ठेवली गेली, आणि नंतर लोक याच शाळेचे निकाल ग्रामर शाळांशी ताडून पाहू लागले.

1959. तुम्ही सोळाच्या आहात, ओ-लेव्हलची परीक्षा देताय. तुमची शेजारीण सेकंडरी मॉडर्नमधून केव्हाच बाहेर पडून कामाला लागली. तुमच्या आणि तिच्या लिफाफ्यांत मात्र एकच निकाल होता.

वर्षं भराभर जाऊ द्या. 1965मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड ‘10/65’ हे परिपत्रक काढून देशभरच्या शिक्षण मंडळांना काँप्रिहेन्सिव्हकडे वळायला सांगतात. शेजारी हवाई दलाच्या जुन्या तळाच्या जागेवर फेरिअर इस्टेटची काँक्रीटची घरं उठतात, आणि पुढे तीही पाडली जातात. शाळेत आता मुलगेही आहेत.

2004मध्ये थांबा, थेट स्वयंपाकघरात. टेलिव्हिजनचे कॅमेरे आले आहेत. शेफ जेमी ऑलिव्हर आणि इथल्या मुख्य स्वयंपाकीण नोरा सँड्स ताजं जेवण रांधताहेत; मुलं मात्र तळलेले ‘टर्की ट्विझलर’ मागताहेत. एका मुलाच्या ताटातल्या जिन्नसांसाठी मिळतात 37 पेन्स. कार्यक्रम 2005मध्ये दाखवला गेला, देश हादरला आणि सरकारने शाळेच्या जेवणासाठी 28 कोटी पौंड जाहीर केले. उपनगरातल्या एका शाळेच्या ताटाने सरकारला हलवलं याचं मला आजही अप्रूप आहे.

2011मध्ये पाटी बदलून ‘कोरेली कॉलेज’ झाली. 2018मध्ये पुन्हा बदलली: जवळच्या ली भागात चिरनिद्रा घेणारे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांच्या नावाने ‘हॅली अकॅडमी’. लंडन काउंटी कौन्सिल केव्हाच इतिहासजमा झालं. आता कारभार एका अकॅडमी ट्रस्टकडे आहे.

इंग्लंडमध्ये नवी ग्रामर शाळा काढायला 1998च्या कायद्याने बंदी आहे, पण जुन्या 163 अजून चालू आहेत. त्यांतल्या चार किडब्रुकपासून थोड्याच मैलांवर, बेक्स्लीमध्ये. तिथे दरवर्षी सप्टेंबरात दहा-अकरा वर्षांची मुलं प्रवेशपरीक्षेला बसतात.