दुष्काळी मातीचे चित्र कोठे उभे राहून काढायचे?

१/
११ एप्रिल २०१६ रोजी मिरज स्थानकातून एक वेगळीच गाडी लातूरकडे निघाली. तिला प्रवासी डबे नव्हते. टाकीच्या दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते ५ लाख लिटर पाणी तहानलेल्या लातुरात पोहोचले. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली आणि ‘जलदूत’ हे नाव घरोघरी गेले.

२/
या गाडीचा मार्ग नकाशावर पाहण्यासारखा आहे. मिरजेहून निघालेली रेल्वे कवठे महांकाळ, पंढरपूर, कुर्डुवाडी अशी लातूरला जाते. मुळात हा बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग. तो १९२७ साली मिरजेला येऊन मिळाला. म्हणजे लातूरला निघालेले पाणी प्रथम सांगली जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण पूर्वभागातूनच गेले.

३/
भरलेल्या टाक्यांची रांग कोरड्या माळावरून चालली आहे, एवढे दृश्यही चित्राचा विषय व्हायला पुरेसे आहे. प्रश्न उरतो तो चित्रकाराने कोठे उभे राहायचे याचा. दूरच्या टेकडीवर? फलाटावर? की घागर घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या रांगेत? भारतातील दुष्काळचित्रांचा इतिहास एका अर्थाने याच प्रश्नाचा इतिहास आहे.

४/
आरंभ मिरजेपासूनच करता येतो. कवठे महांकाळपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आबालाल रहिमान जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि पुढे कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. कोटितीर्थ तलावाच्या काठी त्यांचे वास्तव्य होते. १९३१ साली त्यांचे निधन झाले.

५/
आबालाल यांच्या निसर्गचित्रांत पाणी आणि प्रकाश यांची जवळीक आहे. तलावावरचे धुके, घाटाच्या पायऱ्या, सांजवेळचे रंग यांत त्यांची नजर रमली. शाहू महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडली, असे सांगितले जाते. कोल्हापूरच्या कलापरंपरेने निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी घेतली ती बव्हंशी त्यांच्याकडून.

६/
ही दृष्टी काठावरून पाहणाऱ्याची होती. त्यात उणेपणा शोधण्याचे कारण नाही. निसर्गचित्राची रीतच ती आहे. पण आबालाल यांच्या तारुण्याच्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. सातारा, सोलापूर आणि विजापूरकडचा कोरडा पट्टा त्यात होरपळला. त्या दुष्काळाची जी प्रतिमा जगाने पाहिली, ती चित्रकाराने केलेली नव्हती. ती एका लष्करी अधिकाऱ्याच्या कॅमेऱ्याने टिपली.

७/
विलोबी वॉलेस हूपर हे त्या अधिकाऱ्याचे नाव. मद्रास इलाख्यात त्याने घेतलेल्या छायाचित्रांत हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवलेली दिसतात. त्यांची नावे कोठे नाहीत. या छायाचित्रांनी दुष्काळाची भीषणता इंग्लंडपर्यंत पोहोचवली, हे खरे. पण चौकट ठरवणारा एक आणि चौकटीत बसवला जाणारा दुसरा, ही विभागणीही त्यांनी पक्की केली.

८/
ती पहिल्यांदा ठळकपणे हलली १९४३ मध्ये. बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद भट्टाचार्य हा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यातील गावे पायी फिरला. शाईने रेखाटने करताना त्याने भेटलेल्या माणसांची नावे, गावे आणि कहाण्याही लिहून ठेवल्या. त्यांतून झालेली ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. पुढे चित्तप्रसाद यांच्या आयुष्याचा मोठा काळ मुंबईच्या अंधेरीत गेला.

९/
चित्तप्रसाद रांगेच्या जवळ गेले. तरीही कागद त्यांच्याच हाती होता. भुकेल्याच्याच हाती कागद द्यावा, हा विचार आणखी दोन दशकांनी पुढे आला आणि तो प्रत्यक्षात आणणाऱ्यांत एक मराठी कलावंत अग्रभागी होते. त्यांचे नाव भास्कर कुलकर्णी.

१०/
१९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी कुलकर्णी यांना मिथिलेत, मधुबनीच्या परिसरात पाठवले. तेथील स्त्रिया विवाहप्रसंगी घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. तीच चित्रे कागदावर उतरली तर त्यांतून कुटुंबाला चार पैसे मिळतील, अशी ही योजना होती. मधुबनी चित्रकला भिंतीवरून कागदावर आली, ती अशी दुष्काळाच्या रेट्याने.

११/
१९७० च्या दशकाच्या आरंभी हेच कुलकर्णी डहाणू तालुक्यातील वारली पाड्यांवर पोहोचले. तेथेही लग्नाचा चौक लिहिण्याचा मान स्त्रियांचा होता. मात्र गंजाडजवळ एक पुरुष विधीवाचूनही रोज चित्रे काढत असे. जिव्या सोमा म्हसे, जन्म १९३४. बालपणी आई गेल्यानंतर त्यांनी बोलणे सोडले होते. जे सांगायचे ते मातीत रेषा ओढून सांगत, असे त्यांच्याविषयी नोंदवले गेले आहे.

१२/
म्हसे यांच्या चित्रांचे साहित्य आजूबाजूच्या शेतातूनच येई. शेणाने किंवा गेरूने रंगवलेली पार्श्वभूमी आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. आवणी, कापणी, मासेमारीचे जाळे, मुंग्यांची रांग हे त्यांचे विषय. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘पृथ्वीचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाने झालेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे जगभरच्या समकालीन कलावंतांच्या कृतींसह लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

१३/
येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. ज्याची जमीन, त्याचीच रेषा, हे समीकरण कलादालनापर्यंत पोहोचले. पण त्यावर ‘लोककला’ अशी चिठ्ठी डकवली गेली. म्हसे ज्या काळात जगत होते त्याच काळाचे ते चित्रकार होते. तरीही ‘समकालीन’ हे विशेषण शहरातील चित्रकारांना सहज मिळे आणि पाड्यावरच्या चित्रकाराला ते कष्टाने मिळवावे लागे.

१४/
दुष्काळी माणूस दरम्यान शहरात पोहोचला होता. मुंबईच्या गिरण्यांत कोकणाप्रमाणेच सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे, म्हणजे ‘घाटावरचे’ कामगार होते. माळावरची शेती पोटाला पुरत नाही म्हणून ते आलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांपैकी असंख्य गावाकडे परतले ते पुन्हा गिरणीत न येण्यासाठीच.

१५/
या माणसाला चित्रात जागा देणाऱ्यांत सुधीर पटवर्धन अग्रणी. १९४९ मध्ये पुण्यात जन्मलेले पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात त्यांनी २००५ पर्यंत रुग्णसेवा केली. इराणी हॉटेलातला एकटा गिऱ्हाईक, पुलावरची गर्दी, बांधकामावरचे मजूर हे त्यांचे विषय. २००१ सालच्या ‘लोअर परळ’ या चित्रात गिरणगावाचे पालटते रूप दिसते. त्यांच्या चित्रातील माणूस दयेची याचना करीत नाही. तो आपल्या देहाच्या वजनासह उभा असतो.

१६/
आपण कामगार नाही, मध्यमवर्गीय आहोत, आणि तरीही त्याचे चित्र काढतो आहोत, हा ताण पटवर्धन यांनी कधी लपवला नाही. २००८-०९ मध्ये त्यांनी समकालीन भारतीय चित्रकलेचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील अनेक शहरांत नेले. ज्या मुलुखातून चित्राचे विषय येतात तेथील प्रेक्षकाला ती चित्रे पाहायला मिळावीत, हे त्या खटाटोपाचे मोल.

१७/
रांगेतल्याच घरातून आलेला चित्रकार पुढच्या पिढीत दिसतो. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या गावचा. दुष्काळाऐवजी तेथे जमीन गिळली ती खाणीने. या जिल्ह्यात वरोऱ्याला १८७० च्या दशकातच कोळसा निघू लागला होता. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पाचपुते यांच्या घरच्या तीन पिढ्यांनी कोळसा खाणीत काम केले आहे.

१८/
खैरागड आणि बडोदा येथे शिल्पकलेचे शिक्षण घेऊनही त्यांनी हाती धरला तो कोळसा. मराठीत लाकडाचा तो कोळसा आणि खाणीतला तोही कोळसा; चित्रकाराची कांडी आणि खाणकामगाराची उपजीविका यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. २०१२ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले महत्त्वाचे एकल प्रदर्शन झाले. भिंतभर काढलेली त्यांची कोळशाची रेखाटने अनेकदा प्रदर्शन संपताच पुसली जातात.

१९/
त्यांच्या चित्रांतील माणसांना कित्येकदा डोकेच नसते. त्या जागी दिवा, अवजार किंवा यंत्र असते. आबालाल यांनी जमिनीचा पृष्ठभाग पाहिला, पाचपुते तिच्या पोटातून पाहतात. मात्र त्यांचा खाणकामगार पूर्वीचा शेतकरीच आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. त्याच वर्षीच्या कोची बिएनालेत पाचपुते यांनी शेतकऱ्यांच्या प्रतिकाराला आपल्या कलाकृतीचा विषय केले.

२०/
२०२१ मध्ये वेल्समधील ‘आर्टेस मुंडी’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सहाही निवडक कलावंतांना विभागून देण्यात आला. पाचपुते त्यांपैकी एक. त्या प्रदर्शनासाठी त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांची परंपरा चंद्रपूरच्या अनुभवाशी जोडली. मोर्चात मिरवण्याच्या निशाणांचे रूप त्यांनी घेतले. २०२२ मध्ये व्हेनिस बिएनालेतही त्यांचे काम होते. सास्तीचे दुःख वेल्सला समजावून सांगावे लागले नाही. तेथेही आजोबा खाणीत गेलेली घरे होतीच.

२१/
हूपरपासून पाचपुते यांच्यापर्यंतच्या या प्रवासात विषय फारसा बदललेला नाही: जमीन, पाणी, भूक आणि परागंदा होणारी माणसे. पाहणाऱ्याची जागा मात्र सरकत गेली. त्याबरोबर चित्रेही बदलली. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ हाडे दिसली. आतून पाहणाऱ्याला अवजारे, कौशल्ये, विनोद, संताप आणि हिशेबही दिसू लागले. बाहेरची नजर निरर्थक ठरत नाही, पण ती एकटीच उरली तर माणसाचे केवळ संकट शिल्लक राहते.

२२/
या दृष्टीने कवठे महांकाळकडे पुन्हा पाहावे. या पट्ट्याला ‘दुष्काळी’ म्हटले की भेगाळलेली जमीन डोळ्यांपुढे येते. पण अग्रणीच्या खोऱ्यात द्राक्षबागा आहेत, बेदाण्याची शेड आहेत, धनगरांचे कळप आहेत. म्हैसाळ येथे उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढत पूर्वेकडे येते. आणि कवठे महांकाळ, तासगाव, खानापूर, आटपाडीतून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफी पेठांत सोने-चांदी शुद्ध करतात.

२३/
पाऊस नाही म्हणून गाव सोडलेला माणूस दूरच्या शहरात भट्टीपुढे बसून सोने वितळवतो, आणि गावी त्याच्या बागेला नदीचे उचललेले पाणी मिळते. हे चित्र टेकडीवरून दिसणार नाही. ते काढण्यासाठी भट्टीची धग आणि पाण्याच्या पाळीची रात्र ठाऊक असावी लागते.

२४/
महाराष्ट्रात दरवर्षी शासकीय रेखाकला परीक्षा होतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्हींत ‘स्मरणचित्र’ असा एक विषय असतो. समोर काहीही न ठेवता, आठवणीतून प्रसंग काढायचा. माळावरच्या शाळेतील एखादी मुलगी त्या तासाला आगगाडी काढते, टाक्यांची आगगाडी. ती गाडी कोणत्या बाजूने पाहिलेली आहे, कडेला कोण उभे आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे तिला कोणाला विचारावे लागत नाही.