लीडनहॉल स्ट्रीटवरचा सातारकर

आपली मुलं इथल्या शाळेत साम्राज्यं, क्रांत्या, गुलामगिरीविरुद्धची चळवळ हे सगळं शिकतात. ‘यात आपलं कोणी होतं का?’ असं त्यांनी विचारलं, तर मी एक नाव आवर्जून सांगतो: रंगो बापूजी गुप्ते.

१८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढून काशीला पाठवलं. आरोप काय, तर गोव्याच्या पोर्तुगिजांशी कट केला! महाराजांची बाजू मांडायला त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला आले आणि १८५३ पर्यंत इथे तळ ठोकून राहिले.

गंमत अशी, की ज्या लंडनमधून साम्राज्य चालत होतं, तिथेच नव्या विचारांचं वारंही वाहत होतं. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला होता. त्या चळवळीत गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्प्सन साताऱ्यासाठी उभे राहिले. जोसेफ ह्यूम यांनी पार्लमेंटमध्ये प्रश्न मांडला. रंगो बापूजींनी अर्ज केले, पुस्तिका छापल्या, कंपनीच्या भागधारकांपुढे गाऱ्हाणं नेलं. थोडक्यात, साहेबाच्याच कायद्याने साहेबाला जाब विचारला.

पण न्याय काही मिळाला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. एप्रिल १८४८ मध्ये गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ अप्पासाहेबही गेले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केलं. त्याच एप्रिलमध्ये इथले चार्टिस्ट कामकरी मतदानाचा हक्क मागायला केनिंग्टन कॉमनवर जमले होते. पार्लमेंटने त्यांचाही अर्ज फेटाळला.

रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी झाली, त्यात ते होते. कट फुटला. मुलगा सीताराम याला मृत्युदंड झाला. ते स्वतः निसटले, ते कायमचेच.

त्यांची लंडनमधली वर्षं वाया गेली, असं मला वाटत नाही. नवे विचार कागदावर सर्वांसाठी असतात, पण ते आपल्यालाही लागू करा, असं ठणकावून सांगणारा कोणी लागतो. आणि ते दारच बंद झालं, की अर्ज लिहिणारा माणूसही बंडाकडे वळतो. क्रांत्यांच्या धड्यातली ही गोष्ट मुलांना साताऱ्यावरूनही समजेल.

लीडनहॉल स्ट्रीटवरचं कंपनीचं मुख्यालय कधीच पाडलं गेलं. त्या जागेवर आज लॉइड्सची चकचकीत इमारत आहे. सिटीत गेलात, तर मुलांना ती जागा जरूर दाखवा.