तीन का नाही?

आमच्या सांगलीच्या काकांनी दारू सोडायची म्हणून तीनदा पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि तीनदा ती काढून ठेवली. तिसऱ्या खेपेनंतर घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. काही वर्षांपूर्वी फास्नाख्टच्या (म्हणजे इथल्या शिमग्याच्या) रात्री फ्रायबुर्गजवळच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलाला व्होडका पिऊन बेशुद्ध झालेल्या अवस्थेत इथे आणलंय. गाडी चालवताना माझ्या डोक्यात एकच वाक्य तयार होतं: घे माझ्या गळ्याची शपथ!

सकाळी सलाइन चालू असतानाच एक बाई आल्या. डॉक्टर नाहीत, पोलीस नाहीत. मला गोड बोलून कॉफी प्यायला बाहेर धाडलं आणि मुलाशी पाऊण तास बोलत बसल्या. या बोलण्याला इथे 'ब्र्युकनगेश्प्रेख' म्हणतात, शब्दशः 'पुलाचं बोलणं'. आता पूल म्हटला की तो कुणी, कधी बांधला हे शोधल्याशिवाय आम्हा इंजिनिअर लोकांना चैन पडत नाही.

तर शपथा इथेही होत्याच. 1877 साली लुई-लुसियाँ रोशा या पाद्र्याने जिनिव्हात 'ब्लू क्रॉस' काढली, आणि काही वर्षांत ती जर्मनीत पोचली. दारू सोडायची प्रतिज्ञा कागदावर लिहून सही करायची. आपल्या माळेचीच बहीण. काहींची टिकली, पण मोडली त्यांच्या वाट्याला शरमच.

दुसरा टप्पा कोर्टातला. 18 जून 1968 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने निकाल दिला की दारूचं व्यसन हा विमा कायद्याच्या दृष्टीने आजार आहे. पापाचा आजार झाला, उपचारांची दारं उघडली. माझ्या मते हा फार मोठा निकाल. पण त्यात एक फट राहिली. एका रात्री बेसुमार पिणारं पोर व्यसनी नसतं, मग आजारी कसलं? सलाइन लावा, सकाळी घरी पाठवा, पुढे आईबाप बघून घेतील. आईबाप काय बघणार, तर शपथ! आणि असली पोरं वाढत चालली होती. 10 ते 20 वयोगटातली साधारण साडेनऊ हजार मुलं 2000 साली दारूच्या विषबाधेने हॉस्पिटलात गेली, 2012 मध्ये सव्वीस हजारांहून जास्त.

या फटीवरचं उत्तर आलं नॉर्वेतून. 1982 मध्ये विल्यम मिलर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्गनजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. तिथले तरुण सहकारी त्याला मध्येच थांबवून विचारायचे, हाच प्रश्न का विचारलास? दुसरा का नाही? उत्तरं देता देता त्याच्याच लक्षात आलं, की आपण उपदेश करतच नाही. बदलायला का हवं, हे पिणाऱ्याच्याच तोंडून येईल असं बोलतो. 1983 मध्ये त्याने यावर लेख लिहिला, 1991 मध्ये स्टीफन रॉलनिकबरोबर पुस्तक. नाव 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग'. नाव भारदस्त, पण गाभा साधा. ज्याला ढकलाल तो उलटा रेटा देतो. (न्यूटन!)

जर्मनांनी हे प्रतिबंधाच्या कामाला जुंपलं. 2000 साली 'फ्रेड' नावाचा प्रयोग सुरू झाला, अमली पदार्थांसह पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्या तरुणांसाठी. आणि 2003 साली आमच्या दक्षिणेला, स्विस सीमेवरच्या ल्योर्राखमध्ये, व्हिला श्योप्फलिन या संस्थेने 'हाल्ट' सुरू केलं. पूर्ण नाव 'हार्ट आम लिमिट', म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर, आणि नुसतं 'हाल्ट' म्हणजे थांब. कल्पना अशी, की पोर अजून हॉस्पिटलात आहे, घाबरलेलं आहे, तेव्हाच समुपदेशकाने गाठायचं. पुढे केंद्र सरकारच्या पाठबळावर ते अनेक राज्यांत गेलं. आकडे नंतर उतरले, कोविडमध्ये तर धाडकन. हाल्टमुळेच उतरले असं मी म्हणणार नाही. हाल्ट चालू असताना ते चढतही होतेच की.

परतीच्या वाटेवर मी शपथेचं वाक्य तोंडात धरून बसलो होतो. अर्ध्या वाटेत चिरंजीव स्वतःहूनच बोलले.

"बाबा, त्यांनी विचारलं, असं पुन्हा न होणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा. मी सहा म्हटलं."

सहाच? मला म्हणायचं होतं. (आपल्याकडे सहा म्हणजे नापासच.) बाईंनी मात्र उलटं विचारलं होतं: तीन का नाही?

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आमच्या घरात एका आजोबांचं नाव कुणी घेत नाही. मला तसं व्हायचं नाही."

पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली. दोन कॉफ्या घेतल्या आणि काकांची गोष्ट त्यांच्या नावापासून सुरू केली.